‘ॲड्रिनल फटीग’चं पॅकेज घेण्याआधी सकाळी आठचं रक्त तपासून घ्या

पत्र

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

मी ४२ वर्षांची आहे. तासगाव तालुक्यात राहते, पतसंस्थेत नोकरी करते. आमची द्राक्षबाग आहे. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हापासून त्यांचं उठवणं-बसवणं, अंघोळ, औषधं सगळं माझ्याकडे आहे. मुलाची दहावी नुकतीच झाली.

गेले तीन महिने मला विलक्षण थकवा आहे. सकाळी अंथरुणातून उठताना भिंतीला हात लावावा लागतो. एकदम उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. मळमळतं, जेवण नको वाटतं, वजन चार-पाच किलोंनी उतरलं. अंग दुखतं. रात्री मात्र धड झोप नाही. इथल्या डॉक्टरांनी ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून टॉनिक दिलं.

मैत्रिणीने मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. त्यातली सगळी लक्षणं माझीच होती. त्यांचा फॉर्म भरला तर ‘हॉर्मोन कोच’चा फोन आला, म्हणाले तुम्हाला ॲड्रिनल फटीग आहे, तिसरी स्टेज. लाळेची तपासणी आणि तीन महिन्यांच्या गोळ्या मिळून १८,५०० रुपये. मी आधी एकच बाटली मागवली, अजून उघडलेली नाही. आमच्या घरी माळ आहे, त्यामुळे बाहेरचं काही घेताना बघून घ्यावं लागतं. लेबलचा फोटो जोडते आहे.

बाकी मला बीपी, शुगर काही नाही. कंबर आणि गुडघ्यांसाठी वर्षभर गावाकडच्या एका वैदूच्या पुड्या घेत होते. त्याने फार बरं वाटायचं, पण वजन वाढायला लागलं, तोंड सुजल्यासारखं दिसायचं, म्हणून संक्रांतीला त्या बंद केल्या. जाऊबाई अजून घेतात.

मिस्टर म्हणतात, हे सगळं तुझ्या मनाचं आहे. मला खरंच ॲड्रिनल फटीग आहे का? पैसे भरू का? आणि मिस्टरांना काय सांगू?

– एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर

ताई, नमस्कार.

आधी करायच्या गोष्टी सांगते, कारणं मागून. पैसे भरू नका. ती बाटली उघडू नका. आणि हे वाचाल त्याच्या दुसऱ्या दिवशी एखाद्या एमडी मेडिसिन डॉक्टरकडे जा. पुढच्या महिन्यात, बागेची खरड छाटणी उरकली की, सासूबाईंना बरं वाटलं की, असं करू नका. मिरज तुम्हाला लांब नाही. तिथलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय असो, नाहीतर तुमच्या माहितीतला खासगी फिजिशियन असो, पण जा.

ही घाई मी व्हिडिओतल्या लक्षणांमुळे करत नाही. तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता पुड्यांबद्दल जे दोन-तीन ओळींत लिहिलं आहे, त्यामुळे करते आहे. ‘बाकी काही नाही’ म्हणून तुम्ही पुढे गेलात, आणि मला सगळ्या पत्रात तेच सर्वांत महत्त्वाचं वाटलं.

आता ॲड्रिनल म्हणजे काय ते बघू, म्हणजे पुढचं पटेल. दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक छोटी ग्रंथी असते. वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. शाळेच्या पुस्तकात तिला अधिवृक्क ग्रंथी म्हटलेलं असतं. तिच्या आतल्या भागातून ॲड्रिनलिन येतं, बाहेरच्या भागातून कॉर्टिसॉल आणि शरीरातलं मीठ-पाणी सांभाळणारं आल्डोस्टेरॉन. कॉर्टिसॉल रक्तदाब टिकवतं, उपाशीपोटी साखर खाली जाऊ देत नाही, आजारपणात आणि जखमेत शरीराला तगवून धरतं. ते पहाटेपासून वाढत जातं, सकाळी भरपूर असतं आणि मध्यरात्री सगळ्यांत कमी. किती तयार करायचं हे ग्रंथी स्वतः ठरवत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी तिला रक्तातून निरोप पाठवते, त्या निरोपाचं नाव एसीटीएच. रक्तात कॉर्टिसॉल पुरेसं दिसलं की पिट्युटरी निरोप कमी करते.

तुम्हाला फोनवर जे सांगितलं गेलं, ते असं: सततच्या ताणामुळे ग्रंथी राबून राबून दमते आणि कॉर्टिसॉल कमी पडतं. ऐकायला अगदी पटण्यासारखं आहे. माणूस दमतो तशी ग्रंथीही दमत असेल, असं कोणालाही वाटेल. ‘ॲड्रिनल फटीग’ हे नाव १९९८ मध्ये अमेरिकेतल्या जेम्स विल्सन यांनी दिलं. ते कायरोप्रॅक्टर (हाताने मणके-सांधे बसवून उपचार करणारे) आणि निसर्गोपचारक होते, हॉर्मोनतज्ज्ञ नव्हेत. त्याच्या कितीतरी आधी, १९३६ मध्ये, हान्स सेली या शास्त्रज्ञाने माँट्रियलमध्ये उंदरांवर ताणाचे प्रयोग केले होते आणि पुढे ताणाच्या तीन अवस्था मांडल्या. तिसऱ्या अवस्थेचं नाव थकव्याचंच होतं. ‘तिसरी स्टेज’ वगैरे बोलणं कुठून आलं असेल, याचा अंदाज तिथे येतो. पण सेलींच्या त्या उंदरांच्या ॲड्रिनल ग्रंथी ताणाने आटल्या नव्हत्या, चांगल्या मोठ्या झाल्या होत्या. ताणाखाली ग्रंथी जास्त काम करते. अतिदक्षता विभागात मरणाशी झुंजणाऱ्या बहुतेक रुग्णांचं कॉर्टिसॉल तपासलं तर ते वाढलेलंच सापडतं.

हे कोणी तपासलंच नाही असंही नाही. ब्राझीलमधल्या दोन हॉर्मोनतज्ज्ञांनी २०१६ मध्ये या विषयावरचे ५८ अभ्यास एकत्र करून चाळले. थकलेल्या माणसांत कॉर्टिसॉल ठरावीक पद्धतीने कमी असतं, असं त्यातून निघालं नाही. कुठे कमी, कुठे जास्त, कुठे इतरांसारखंच. निष्कर्ष त्यांनी शीर्षकातच लिहून टाकला: असा आजार अस्तित्वात नाही. हॉर्मोनतज्ज्ञांच्या एंडोक्राइन सोसायटी या आंतरराष्ट्रीय संघटनेचंही म्हणणं तेच आहे, या निदानाला शास्त्रीय पुरावा नाही.

मग तुमचा थकवा खोटा का? मुळीच नाही. भिंतीला हात लावून उठणारी बाई नाटक करत नसते. चार-पाच किलो वजन कोणी मनाने उतरवत नाही. व्हिडिओतली लक्षणं तुम्हाला तंतोतंत लागू पडली याचं आश्चर्य नाही. सकाळी उठवत नाही, दुपारी गळून जायला होतं, गोड-खारट खावंसं वाटतं, चिडचिड होते, झोप नीट नाही. ही यादी रक्त कमी असलेल्या बाईला लागू पडते, थायरॉइडच्या रुग्णाला पडते, रात्रपाळीच्या नर्सला पडते, घोरणाऱ्या माणसाला पडते, आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूला सांभाळणाऱ्या कुठल्याही सुनेला पडते. एवढ्या सगळ्यांना एकच नाव आणि एकच बाटली विकायची, याचा मला मनापासून राग येतो. कारण तीन महिने गोळ्या खाण्यात जातात, आणि खरं कारण तसंच राहतं.

तुमच्या बाबतीत तर खरं कारण ॲड्रिनलशीच संबंधित असण्याची दाट शक्यता आहे, आणि ते ताणाने आलेलं नाही.

पुड्यांकडे येते. तुम्ही लिहिलंय, पुड्या घेत असताना फार बरं वाटायचं, वजन वाढलं, तोंड सुजल्यासारखं दिसायचं. दुखण्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच उतार पडला असेल, भूकही सपाटून लागत असेल. बघा आठवून. माझ्या ओपीडीत अशा पुड्या घेणारे पेशंट नेहमी येतात. बटर पेपरमध्ये नाहीतर वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेली करड्या नाहीतर तांबूस रंगाची पूड. वर नाव नाही, आत काय आहे ते लिहिलेलं नाही. ‘जडीबुटी आहे, साइड इफेक्ट नाही’ असं सांगितलेलं असतं. अशा पुड्यांमध्ये डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनच्या गोळ्या कुटून घातल्याचं आपल्याकडे वारंवार आढळून आलं आहे. ही स्टिरॉइड्स. दुखणं झटकन थांबवतात, म्हणून पुडीवर विश्वास बसतो. खऱ्या डॉक्टरच्या हातात ही मोठी मोलाची औषधं आहेत, दम्यात आणि संधिवातात मी स्वतः ती देते. पण मोजून देते, रुग्णाला सांगून देते, आणि बंद करताना हळूहळू उतरवते.

तुमच्या पुडीत स्टिरॉइड होतंच, असं मी इथे बसून छातीठोकपणे म्हणणार नाही. पण गोल झालेला चेहरा, वाढलेलं वजन, आणि बंद केल्याबरोबर आलेली ही गळाठ, असा सगळा क्रम असताना ते तपासलंच पाहिजे.

स्टिरॉइड बाहेरून महिनोन्महिने मिळत राहिलं की पिट्युटरीला रक्तात भरपूर माल दिसतो. ती ॲड्रिनलला निरोप पाठवणं थांबवते. निरोप नाही म्हणून ग्रंथी काम थांबवते आणि हळूहळू आक्रसते. मग एक दिवस पुडी बंद होते. आता बाहेरून काही येत नाही आणि आतलंही चालू झालेलं नाही. तुमच्या बागेतल्या विहिरीवरची मोटर वर्षभर बंद ठेवली आणि ऐन उन्हाळ्यात एकदम बटण दाबलं तर पहिल्या झटक्यात पाणी येत नाही, तसंच काहीसं. ग्रंथी पुन्हा सुरू होते, बहुतेकांची होते, पण त्याला कधी काही आठवडे लागतात, कधी वर्षभरसुद्धा. तोवर थकवा, मळमळ, भूक नसणं, वजन उतरणं, सांधे-स्नायू दुखणं, उठताना अंधारी येणं. आता तुमचं पत्र पुन्हा वाचा.

हे ‘दमणं’ नव्हे. ही कॉर्टिसॉलची खरी कमतरता आहे, रक्तात मोजता येते, आणि औषधाने भरून काढता येते. तपासणी साधी आहे. सकाळी आठच्या सुमाराला रक्त द्यायचं आणि कॉर्टिसॉल मोजायचं. वेळ महत्त्वाची आहे. लॅबवाले ‘दुपारी आलात तरी चालेल’ म्हणाले तरी ऐकू नका, दुपारचा आकडा वाचून निष्कर्ष काढता येत नाही. साधारणपणे दर डेसिलिटरला ३ मायक्रोग्रॅमच्या खाली आकडा आला तर कमतरता जवळजवळ नक्की. १५ ते १८च्या वर आला तर ही शंका बहुतेक मिटते. मधला आला तर एसीटीएचचं इंजेक्शन देऊन ग्रंथी किती प्रतिसाद देते ते बघतात. जोडीला सोडियम, पोटॅशियम आणि साखर. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, त्यांनी कॉर्टिसॉलचा आकडा फुगतो. सांध्यात घेतलेली इंजेक्शनं, दम्याचा पंप, चेहऱ्याला लावायची गोरेपणाची क्रीम, हेही सांगा. त्यातल्या बऱ्याच गोष्टींत स्टिरॉइड असतं आणि पेशंटच्या ते गावीही नसतं.

एक गोष्ट मात्र तपासणीची वाट बघण्यासारखी नाही. थांबत नसलेल्या उलट्या, जोराचा ताप, पोटात तीव्र दुखणं, चक्कर येऊन पडणं, बरळल्यासारखं बोलणं, यांतलं काहीही झालं तर थेट इस्पितळ गाठायचं आणि तिथे पहिलं वाक्य हे बोलायचं: ‘वर्षभर स्टिरॉइड असल्याचा संशय असलेल्या पुड्या घेत होते, तीन महिन्यांपूर्वी एकदम बंद केल्या.’ हे वाक्य मिस्टरांना आणि मुलालाही पाठ करून ठेवायला सांगा, कारण त्या वेळी तुम्ही बोलण्याच्या स्थितीत असालच असं नाही. हायड्रोकॉर्टिसोनचं (म्हणजे औषधाच्या रूपातल्या कॉर्टिसॉलचं) १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन आणि सलाईन, एवढ्याने जीव वाचतो. पण डॉक्टरला ते सुचायला हवं, आणि सुचण्यासाठी त्याला पुडी माहीत हवी. ऑपरेशन, दाढ काढणं, अपघात, यांच्या आधी किंवा वेळीही हेच सांगायचं.

आणि बरं वाटावं म्हणून ती पुडी आपल्या मनाने पुन्हा सुरू करू नका. किती ताकदीचं काय आहे तेच माहीत नाही. गरज असेल तर डॉक्टर हायड्रोकॉर्टिसोनच्या मोजक्या गोळ्या देतील आणि ग्रंथी जागी होईल तशा कमी करतील. तेव्हा ताप आला तर डोस दुप्पट करायचा असतो, तो नियमही समजून घ्या.

ॲड्रिनल ग्रंथीच मुळातून नष्ट होण्याचा एक आजारही आहे, ॲडिसनचा. लंडनच्या गायज हॉस्पिटलमधल्या थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये तो प्रथम नीट वर्णन केला. पाश्चात्त्य देशांत तो बहुधा शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीच्या हल्ल्याने होतो. आपल्याकडे त्यामागे क्षयरोग असण्याची शक्यता आजही लक्षात ठेवावी लागते. त्यात हिरड्या, तळहातावरच्या रेषा, बोटांची पेरं, जुने व्रण काळवंडतात आणि मीठ खावंसं वाटतं. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, आणि पुड्यांमुळे झालेल्या कमतरतेत कातडी काळवंडत नाही. तरी डॉक्टरांना तोंड उघडून हिरड्या दाखवा. मुलाच्या बाळंतपणात फार रक्त गेलं होतं का, नंतर दूध आलंच नाही किंवा पाळी कायमची गेली असं झालं होतं का, हेही सांगा. बाळंतपणातल्या रक्तस्रावाने पिट्युटरीला इजा झाली तर वर्षानुवर्षांनी असाच थकवा समोर येतो, आणि आपल्या बायकांमध्ये तो फार उशिरा ओळखला जातो.

आता तुमची बाटली. लेबलचा फोटो मी मोठा करून वाचला. पुढच्या बाजूला हिरवं पान आणि ‘नॅचरल’. मागे बारीक अक्षरांत घटकांच्या यादीत तिसऱ्या ओळीवर ‘ॲड्रिनल ग्लँड्युलर, बोवाइन’. ताई, ही गाय-बैलाच्या ॲड्रिनल ग्रंथीची वाळवलेली भुकटी आहे. तुमच्या घरी माळ आहे म्हणून हे स्पष्ट सांगणं मला भाग आहे. तुम्ही ती उघडली नाहीत हे बरं झालं. पण माळ नसलेल्यांनीही ती घेऊ नये. अशा ‘ॲड्रिनल सपोर्ट’च्या १२ उत्पादनांची अमेरिकेत तपासणी झाली होती, मेयो क्लिनिकच्या नियतकालिकात २०१८ मध्ये ती छापून आली. बाराही उत्पादनांत थायरॉइडचं हॉर्मोन सापडलं, आणि निम्म्याहून अधिक उत्पादनांत कोणतं ना कोणतं स्टिरॉइड हॉर्मोन. लेबलवर त्याचा पत्ता नव्हता. म्हणजे एका निनावी पुडीतून सुटून तुम्ही दुसऱ्या, जास्त महाग पुडीकडे निघाला होतात. अंगात कॉर्टिसॉल कमी असताना वरून थायरॉइडचं हॉर्मोन गेलं तर माणूस अत्यवस्थ होऊ शकतो. मला सगळ्यांत जास्त भीती याची वाटली.

त्याच यादीत ज्येष्ठमधाचा अर्क आणि अश्वगंधा आहे. घशासाठी ज्येष्ठमधाची काडी चघळणं वेगळं, रोज अर्काच्या गोळ्या घेणं वेगळं. त्याने रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं. अश्वगंधेबद्दल आपल्या मनात आपुलकी असते, आणि काही छोट्या अभ्यासांत तिने ताण थोडा हलका झाल्याचं दिसलंही आहे. पण तिच्या अर्काने यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत, भारतातल्या आहेत. निदान होईपर्यंत काहीच घेऊ नका.

लाळेच्या तपासणीचंही सांगते. रात्री उशिराच्या लाळेतलं कॉर्टिसॉल आम्हीही मागवतो, पण ते जास्त झाल्याचा संशय असेल तेव्हा. दिवसातून चार वेळा लाळ घेऊन आलेख काढायचा आणि त्यावरून स्टेज ठरवायची, याला आधार नाही. आणि तुमची स्टेज तर लाळ तपासण्याच्याही आधी, फोनवरच ठरली होती.

कॉर्टिसॉलबरोबर आणखी काही तपासण्या करून घ्या, कारण एका माणसात दोन कारणं असू शकतात. हिमोग्लोबिन, आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय होता. निम्म्याहून जास्त बायका! तुमची पाळी कशी आहे ते तुम्ही लिहिलं नाही. चाळिशीनंतर अंगावरून जास्त जायला लागतं आणि ‘आता वयच झालं’ म्हणून बायका ते कोणाला सांगत नाहीत. डॉक्टरांना सांगा. दुसरं बी-१२. माळकरी घरात मांस-अंडी नाहीत, दूध चहापुरतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या संशोधकांनी पुणे परिसरातल्या ४४१ पुरुषांचं रक्त तपासलं होतं, २००६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी होतं, शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. ते पुरुष होते, पण ताट तेच. आपल्या घरांत दुधाची शेवटची वाटी बाईच्या वाट्याला येत नाही, हे मी वेगळं सांगायला नको. बी-१२ची गोळी किंवा इंजेक्शन स्वस्त आहे आणि माळेच्या आड येत नाही, ते जंतूंपासून तयार करतात. शिवाय थायरॉइडसाठी टीएसएच आणि गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी करा. वर्षभर स्टिरॉइड पोटात गेलं असेल तर साखर आणि हाडं दोन्ही बघायला हवीत. जेवणाबरोबर चहा घेत असाल तर तो तासभर लांबवा, लोह अंगी लागू देत नाही.

या तपासण्यांनंतरही तुमच्या दिवसाचा प्रश्न उरतोच. ताणाने ॲड्रिनल आटत नाही, पण ताणाने माणूस आजारी पडतो, ते खरंच आहे. झोप मोडते, रक्तदाब चढतो, मन खचतं. रात्री सासूबाईंसाठी उठणं, पहाटे डबा, दिवसभर पतसंस्थेतली वसुली, संध्याकाळी पुन्हा सासूबाईंना कुशीवर वळवणं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून ते करावंच लागतं, आणि एका बाईच्या कंबरेला ते झेपत नाही. तुमची कंबर कशाने दुखत होती आणि पुड्या कशापायी घ्याव्या लागल्या, याचं उत्तर बहुधा तिथेच आहे. ज्या १८,५०० रुपयांची तुम्ही जुळवाजुळव करत होतात, त्यात गावातली एखादी बाई सासूबाईंच्या अंघोळीसाठी आणि उठवण्यासाठी काही महिने ठेवता येईल. ते करा. रात्रीची एक पाळी मिस्टरांनी घ्यावी, एक जाऊबाईंकडे द्यावी. मुलाला आता सुट्टी आहे, पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा आजीला कुशीवर वळवू शकतो आणि त्याने ते शिकावं.

कधी रडू येत असेल, कशातच रस वाटत नसेल, ‘संपवून टाकावं’ असं मनात येत असेल तर तेही डॉक्टरांपुढे बोला. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर चोवीस तास फुकट बोलता येतं, मराठीतही. मनाचा आजार म्हणजे नाटक नव्हे, त्यालाही औषध आहे.

मिस्टरांना काय सांगू, असं विचारलंत. वाद घालू नका. हे पत्र त्यांना वाचायला द्या आणि दवाखान्यात बरोबर न्या. डॉक्टरांना सांगून तुमचा रक्तदाब आधी आडवं झोपवून आणि मग उभं करून मोजायला लावा, मिस्टरांच्या समोर. वरचा आकडा वीसने किंवा त्याहून जास्त उतरला तर तो त्यांनाही दिसेल. दादा, तुम्ही हे वाचत असाल तर तुम्हालाही सांगते. बागेत वेलाची पानं मलूल झाली तर ‘हे वेलाच्या मनाचं आहे’ असं तुम्ही म्हणत नाही, माती आणि पान तपासायला पाठवता. तेवढं तरी करा.

राहिल्या जाऊबाई. त्यांची मला तुमच्याइतकीच काळजी वाटते. हे वाचून तुम्ही धावत जाऊन ‘आत्ताच्या आत्ता त्या पुड्या फेकून द्या’ असं सांगाल, तर तसं अजिबात करू नका. एकदम बंद केल्या तर त्यांचीही गत तुमच्यासारखी होईल, कदाचित जास्त वाईट. त्यांना तुमच्याबरोबरच फिजिशियनकडे न्या. घरात असलेल्या पुड्या, त्या बांधलेल्या कागदासकट, पिशवीत घालून सोबत न्या. किती वर्षं घेतात आणि दिवसाला किती, ते लिहून न्या. डॉक्टर त्या जागी मोजक्या डोसची गोळी देतील आणि टप्प्याटप्प्याने उतरवतील. दोघींचं निदान झालं की उरलेल्या पुड्यांतली एक-दोन अन्न व औषध प्रशासनाच्या सांगलीच्या कार्यालयात तक्रारीसोबत द्या. त्या वैदूकडे गुडघे धरून बसलेली माणसं आजही असतील, आणि त्यांच्यापैकी कोणीतरी पुढच्या महिन्यात, वजन वाढलं म्हणून, पुडी आपल्या मनाने बंद करणार आहे.